मोजणी म्हणजे मूल्यमापन नव्हे

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य आरंभले गेले. डॉ. वि. सी. सुकथनकरांनी १९२५ मध्ये त्याची धुरा घेतली. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले. कार्य सिद्धीस गेले ते १९६६ साली! या अवधीत हस्तलिखितांतील पाठभेद वर्षानुवर्षे नोंदवीत बसलेल्या एखाद्या सहायकाला आज विचारले असते, "यंदा तुमचे शोधनिबंध किती?", तर त्याने काय उत्तर दिले असते?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत प्राध्यापकांसाठी गुणांक पद्धती आणली. वशिल्याला वाव राहू नये, निकष वस्तुनिष्ठ असावेत, ही अपेक्षा रास्तच होती. परंतु जे मोजले जाते, तेच पिकू लागते. निबंधांना गुण मिळू लागताच पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. त्यांना आळा घालण्यासाठी 'केअर' सूची आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली आणि नियतकालिकांची पारख करण्याचे दायित्व शिक्षणसंस्थांवर सोपविले. ही संधी आहे, तशीच कसोटीही.

नियतकालिकाच्या प्रतिष्ठेवरून संशोधकाची योग्यता ठरवू नये, असे आवाहन २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने जगभरच्या संस्थांना केलेच आहे. मग करावे काय? संशोधकाने निवडलेली आपली उत्तम चार-पाच कामे जाणकारांनी प्रत्यक्ष वाचावीत. कोश, संपादित ग्रंथ, क्षेत्रीय नोंदी, शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचलेले वाण यांनाही संशोधनाचा मान मिळावा. मराठीत लिहिलेले संशोधन केवळ मराठीत आहे म्हणून कनिष्ठ ठरू नये.

माणसे निर्णय करू लागली की पक्षपात शिरेल, हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच परीक्षक संस्थेबाहेरचे असावेत, त्यांनी अभिप्राय सकारण व लेखी द्यावा आणि तो उमेदवाराला पाहता यावा. आकड्यांच्या आड लपणारा अन्याय मात्र कोणाला जाबही विचारू देत नाही.

उद्या आपल्याच घरातील एखादी मुलगी संशोधनाची वाट धरील. तिने दहा वर्षे एका प्रश्नाचा ध्यास घ्यावा, की दर सहा महिन्यांनी एक निबंध पाडावा? तिला कोणता मार्ग परवडेल, हे आपल्या शिक्षणसंस्था आज काय ठरवितात यावर अवलंबून आहे.