भरपाई : कमाल एक हजार रुपये

२१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष सोडलं, तेव्हा मला दोन प्रकारचे मेसेज आले. एक : 'अल्हम्दुलिल्लाह, इन्साफ झाला.' दुसरा : 'मग बॉम्ब कुणी ठेवले?' दुसरा प्रश्न विचारणाऱ्यांना आपण लगेच शत्रू समजतो. मला तो प्रश्न जास्त खरा वाटतो.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसं घरी पोचली नाहीत. त्यांच्या घरच्यांनी एकोणीस वर्षं वाट पाहिली आणि शेवटी ऐकलं काय, तर बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते हेसुद्धा सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही. टॅक्सीवाले साक्षीदार शंभराहून अधिक दिवस गप्प होते. ओळख परेड घेणाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता. राहिले कबुलीजबाब, तेही न्यायालयाने नाकारले. एरवी पोलिसांपुढची कबुली पुरावा ठरत नाही, पण मोक्कामध्ये एसपी किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढची ठरते. सगळी मेख तिथे आहे. वदवून घेण्याची सोय असली की शोधायचे कष्ट कोण घेतो?

२०१५ मध्ये यांतल्या पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली होती. फाशीवाल्यांपैकी एक जण २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात कोविडने गेला. निकालाने तोही निर्दोष ठरला. सरकार अपिलात गेलं, तो त्यांचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा इतर खटल्यांत दाखला देण्यावर स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही.

आता त्यांना देणं काय लागतं? विनाकारण अटक झाली तर भरपाई देण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आली. रक्कम : जास्तीत जास्त एक हजार रुपये. कायद्याचं नाव बदललं, आकडा तोच! अक्षरधाम खटल्यात २०१४ मध्ये सुटलेल्यांनी भरपाई मागितली, तर चुकीचा पायंडा पडेल म्हणून ती नाकारली गेली. विधी आयोगाने २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात अशा लोकांसाठी खास न्यायालयं आणि भरपाईचा कायदा सुचवला. अहवाल पडून आहे.

आणि एक गोष्ट आपल्या लोकांना सांगायची आहे. ती काहींना रुचणार नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या सहा भटक्या जमातीच्या माणसांना निर्दोष सोडलं. एका कुटुंबातल्या पाच जणांच्या खुनाचा खटला, सोळा वर्षं तुरुंग, आणि त्याच न्यायालयाने २००९ मध्ये त्या सहाही जणांना फाशी ठरवलेली. वाचलेल्या साक्षीदार बाईने सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंतून भलतेच चौघे ओळखले होते. ती बाब दाबली गेली. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख द्यायला सांगितलं. आपल्या सभांत या सहा जणांचा उल्लेख मी क्वचितच ऐकते. खोट्या खटल्याला मुसलमानच सापडतात असं म्हणून आपण प्रश्न लहान करतो आणि पारधी, भटके, आदिवासी अशा हक्काच्या सोबत्यांना गमावतो.

मोहल्ल्याचंही बोलायला हवं. अटक झाली की त्या घराशी सोयरीक तुटते, पोरांना 'त्यांच्याशी खेळू नका' असं बजावलं जातं, वकिलाची फी बायका दागिने मोडून भरतात. सुटका झाली की मात्र हार घेऊन सगळे हजर. मिठाई कमी वाटा. त्या माणसाचं रेशनकार्डावरचं नाव, बँकेचं खातं, आधार, शिवाय एखादं दुकानातलं काम, एवढं पाहणारी चार माणसं प्रत्येक वस्तीत हवीत. आणि २७७ वा अहवाल तुमच्या खासदाराने वाचलाय का, हे त्याला पुढच्या इफ्तार पार्टीत विचारा. फोटो काढून झाल्यावर नको, आधी.