मला पहिलीच्या वर्गावर जायचे आहे

या वर्षी कॉलेज सुरू झाले तेव्हाची गोष्ट. पहिल्याच आठवड्यात सरांनी वर्गातल्या प्रत्येकाला उभे करून विचारले, "बी. ए. झाल्यावर पुढे काय करणार?" कोणी स्पर्धा परीक्षा म्हटले, कोणी पोलीस भरती, कोणी बँक, तर कोणी वकिली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटले, "सर, मला प्राथमिक शिक्षिका व्हायचे आहे. पहिली-दुसरीच्या वर्गावर." मागच्या बाकावर कोणीतरी हसले. सरांनाही नवल वाटले. ते म्हणाले, "मग बारावीनंतरच डी. एड. करायचे होतेस. तीन वर्षे कशाला घालवतेस?"

सरांचा प्रश्न रास्त होता. त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. वार्षिकाच्या निमित्ताने ते देण्याचा हा प्रयत्न आहे.

माझे वडील गवंड्याच्या हाताखाली काम करतात, आई शेतमजुरीला जाते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बारावी झाले तेव्हा सल्ला द्यायला घरात कोणी नव्हते. बाहेरचे म्हणाले, "डी. एड. झालेली पोरे घरी बसून आहेत, तू बी. ए. कर, पुढे बी. एड. करता येईल." मी ऐकले. कॉलेजात आल्यावर कळले, की सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालानुसार पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बी. एड. ही पात्रता धरता येत नाही. त्यासाठी दोन वर्षांची पदविकाच हवी. पूर्वीची डी. एड., आता तिला डी. एल. एड. म्हणतात. म्हणजे पदवी घेऊन मला पुन्हा बारावी झालेल्या मुलींच्या शेजारी बसावे लागणार. लोकांच्या दृष्टीने ही एक पायरी खाली उतरणेच आहे. तरीही मी ती उतरणार आहे. त्याचे कारण माझ्या श्रद्धेत आहे आणि गेल्या मे महिन्यातल्या माझ्या एका चुकीतही आहे.

आम्ही ख्रिस्ती. आमचा जिल्हा आज अहिल्यानगर म्हणून ओळखला जातो. २०२४ पर्यंत तो अहमदनगर होता. या नगरात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले. त्यानंतर खेड्यापाड्यांतल्या वस्त्यांवर शाळा निघाल्या. माझी आजी सांगते, की तिच्या लहानपणी शाळा शिकवणारा मास्तरच रविवारी उपासना चालवी, लोकांची पत्रे वाचून दाखवी आणि सावकाराच्या कागदावर अंगठा उठवण्याआधी माणसे त्यालाच विचारीत. आजीला स्वतःचे नाव लिहिता येते ते त्या मास्तरांमुळे. आमच्या समाजात 'मास्तर' या शब्दाला अजून मान आहे तो यामुळेच.

मुलींना शिकवण्यासाठी सिंथिया फॅरार या अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईला आल्या आणि पुढे नगरला राहून १८६२ साली येथेच वारल्या. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे नगरला या फॅरारबाईंकडे आणि पुण्याला मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८४८ साली भिडे वाड्यात शाळा निघाली हे आपण सर्व जाणतो. पण शाळेत शिकवणाऱ्या बाई आधी स्वतः शिकवायला शिकल्या, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

आता माझ्या चुकीविषयी. दर मे महिन्यात आमच्या मंडळीतर्फे मुलांसाठी दहा दिवसांचा सुट्टीचा वर्ग असतो. गाणी, गोष्टी, खेळ, शेवटी खाऊ. वस्तीवरची सगळी मुले येतात, त्यांत ख्रिस्ती नसलेलीही असतात. गेल्या वर्षी लहान गट माझ्याकडे होता. मी म्हटले, मी तर कॉलेजात शिकते, मला काय अवघड आहे? तिसऱ्या दिवशी मी फळ्यावर चार ओळी लिहिल्या आणि एकेकाला वाचायला उभे केले. एक नऊ-दहा वर्षांची मुलगी उभी राहिली आणि नुसतीच पाहत राहिली. मी म्हटले, "चौथीत ना तू? एवढेही येत नाही?" मुले हसली. मी तिला येईपर्यंत मागे उभी राहायला सांगितले. ती तासभर उभी होती. दुसऱ्या दिवशी ती आली नाही.

त्या दिवशी मी मुलांना कोणती गोष्ट सांगितली असेल? हरवलेल्या मेंढराची. शंभर मेंढरांतले एक हरवते आणि मेंढपाळ नव्याण्णवांना रानात ठेवून त्या एकाच्या शोधात निघतो, ती गोष्ट. मी ती हावभावासह सांगितली. सांगताना माझ्या एकदाही मनात आले नाही, की आज आपल्याच वर्गातले एक कमी आहे.

दोन दिवसांनी रात्री ते मनात आले. सकाळी मी तिच्या घरी गेले. तिचे आई-वडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की गाव सोडायचे आणि पाडव्याच्या सुमारास परत यायचे. मुलगी त्यांच्याबरोबर जाते, कोपीवर धाकट्या भावाला सांभाळते. कागदावर ती चौथीत होती, पण तिची निम्मी शाळा दर वर्षी फडात बुडत होती. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "ताई, मला शिकवता का मग?" मी हो म्हटले आणि दुसऱ्या दिवसापासून पाटी घेऊन बसले. चार दिवसांत माझी घमेंड उतरली. मला माफी मागता आली होती, पण वाचायला शिकवता येत नव्हते! मी बाराखडी घोकून घ्यायची, ती घोकायची. पुस्तक उघडले की अक्षर ओळखू यायचे नाही.

शेवटी मी गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईंकडे गेले. त्यांनी मुलीला जवळ बसवले आणि पुस्तक बाजूला ठेवले. "तुमच्या कोपीवर काय काय असते गं?" म्हणून विचारले. मुलगी बोलायला लागली. कोयता, मोळी, पाचट, बैल, मुकादम. बाईंनी त्यातला 'कोयता' लिहिला, त्याचे तुकडे केले, 'को' वेगळा काढला, मग 'कोपी' लिहून तोच 'को' तिला शोधायला लावला. तिने शोधला. मी पाहतच राहिले. बाई मला म्हणाल्या, "हे आम्हाला शिकवलेले असते. आपोआप येत नाही."

आमच्या मंडळीतील वडीलधारी मंडळी मला नेहमी सांगतात, "सेवेचे मन आहे ना तुझे? मग झाले. प्रार्थना कर, बाकी प्रभू पाहील." त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण मे महिन्यात माझ्याजवळ सेवेचे मन होते, प्रार्थनाही होती, आणि तरी एक मूल माझ्यामुळे तासभर मान खाली घालून उभे राहिले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलांना मारण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. मी जे केले ते याहून वेगळे नव्हते. आजाऱ्याविषयी कळवळा आहे म्हणून कोणी न शिकता शस्त्रक्रिया करायला धजत नाही. मग मुलाच्या बुद्धीला हात घालताना आपल्याला शिक्षणाची गरज का वाटू नये?

आणि प्रशिक्षण घेणे श्रद्धेला सोडून आहे असेही नाही. प्रभू येशूला त्याचे शिष्य 'गुरुजी' म्हणत. तो शिकवताना कशापासून सुरुवात करतो ते पाहावे. पेरणारा, बी, पिठातले खमीर, घरात हरवलेले नाणे, मेंढरू. ऐकणाऱ्यांच्या हातातल्या आणि घरातल्या वस्तू. बाईंनी कोयत्यापासून वाचन सुरू केले ते याच रीतीने, असे मला वाटते. मुलांसाठी चित्रांचे पाठ्यपुस्तक १६५८ साली छापणारा कोमेनियस हा धर्माने बिशप होता. आणि आपल्या पंडिता रमाबाई! केवढी त्यांची विद्वत्ता! तरी १८८६ साली अमेरिकेला गेल्यावर त्या फ्रोबेलची बालोद्यान पद्धती शिकायला विद्यार्थिनी होऊन बसल्या. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढताना ते शिक्षण त्यांच्याजवळ होते. रमाबाईंना जर लहान मुलांना शिकवण्याची विद्या शिकावी लागली, तर माझ्यासारखीने पदवीचा तोरा का मिरवावा?

रमाबाईंचे नाव घेतले की दुसरा प्रश्नही टाळता येत नाही. त्या मुलीच्या आईने मला पहिल्याच दिवशी विचारले होते, "पोरी, बाटवणार तर नाहीस ना?" मला राग आला नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. पण तिच्या जागी उभे राहून विचार केला तेव्हा तिचे भय मला समजले. १८९३ साली शारदा सदनात धर्मांतराचा वाद उठला, सल्लागार मंडळातील मोठी माणसे बाजूला झाली आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात कोणाचे किती चुकले हे इतिहासाच्या प्राध्यापकांनी सांगावे. मला एवढेच दिसते, की शाळेवरचा विश्वास उडाला की नुकसान मुलींचे होते. आमच्या जुन्या मिशन शाळांत शिक्षण आणि धर्मप्रसार हातात हात घालून चालत, हेही मी नाकारत नाही.

मी त्या माउलीला म्हटले, "नाही मावशी, फक्त वाचायला शिकवते." आणि तो शब्द पाळावा म्हणून मी मुलीला चर्चच्या आवारात न बोलावता त्यांच्याच दारातल्या लिंबाखाली शिकवले. यावरून आमच्यातल्या काहींनी मला बोल लावले. "मग आपला उपयोग काय?" असे एका काकांनी विचारले. माझे उत्तर असे, की वर्गातले मूल शिक्षिकेला नाही म्हणू शकत नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्यापुढे धर्म ठेवणे म्हणजे त्याच्या असहायतेचा फायदा घेणे होय. आपल्या घटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमाने पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई केली आहे. मला हे कलम माझ्या श्रद्धेच्या आड येणारे वाटत नाही. माझी श्रद्धा मला मुलांपुढे बोलून दाखवायची नाही. आज कोण आले नाही हे पाहणे, शाळा सुटल्यावर त्याच्या घरी जाणे आणि गेल्यावर त्याला शिकवता येणे, एवढ्यात ती दिसली तरी मला पुरे.

आता व्यवहाराचे बोलते. शिक्षक पात्रता परीक्षेत १५० पैकी ३० गुण बालविकास व अध्यापनशास्त्राला आहेत. ती उत्तीर्ण झाल्यावरही नोकरीची हमी नाही. नोकरी लागली तर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून, आणि त्या काळात दरमहा १६,००० रुपये मानधन. तेही २०२३ पासून, त्याआधी ६,००० च होते. काही खासगी शाळांत याहून कमी पैशावर राबवतात आणि वर 'सेवा' म्हणतात. सेवा हा माझ्या धर्माचा लाडका शब्द आहे, म्हणूनच तो कोणी मजुरी बुडवण्यासाठी वापरला की मला जास्त लागते. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, शेतकऱ्यांच्या वर्गातून यावेत आणि त्यांना पुरेसा पगार मिळावा अशी मागणी केली होती. मी तर मजुराचीच मुलगी आहे. ही मागणी मला माझी वाटते.

सर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आता देते. ही तीन वर्षे मी घालवत नाही. इतिहास आणि मराठी वाचल्यामुळेच फॅरारबाई, सावित्रीबाई आणि रमाबाई माझ्यापर्यंत पोहोचल्या. फक्त पदवी घेऊन मी वर उभी राहीन, असे आता मला वाटत नाही. आपल्या वर्गात माझ्यासारखे आणखी कोणी असतील, हसू होईल म्हणून गप्प बसलेले. त्यांनी पुढच्या वर्षी खुशाल हात वर करावा.

ती मुलगी ऑक्टोबरपर्यंत दर रविवारी उपासनेनंतर माझ्याकडे वाचत होती. जोडाक्षरे राहिली आहेत. दिवाळी झाली आणि ती आई-वडिलांबरोबर फडावर गेली. जाताना मी तिला एक गोष्टीचे पुस्तक दिले आहे. पाडव्याला ती परत येईल तेव्हा माझी परीक्षा जवळ आलेली असेल. पण रविवारचा तास मी मोकळा ठेवला आहे.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला