साधना कट आणि डाळ-पकवान

मैत्रिणींनो, विठ्ठलवाडीत राहून इतकी वर्षं झाली, पण शेजारच्या सिंधी भाभींच्या स्वयंपाकघरात मी निवांत बसले ती गेल्या रविवारी. गेले होते वाटीभर चिंच मागायला, परतले दोन तासांनी!

भाभींच्या सासूबाई, आमच्या सगळ्यांच्या अम्मा, आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. फाळणीनंतर आईवडिलांबरोबर कल्याणच्या लष्करी छावणीत आल्या, तेव्हा त्या लहान होत्या. त्याच छावणीचं ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर झालं. अलीकडे अम्मा फारशा बोलत नाहीत. स्वयंपाकघरातही येत नाहीत.

त्या दिवशी भाभींची लेक मोबाइलवर जुनी गाणी लावून बसली होती. पडद्यावर साधना दिसली आणि मी म्हटलं, "अगं, आमच्या मावशीनं हिच्यासारखे केस कापले म्हणून आजोबा आठवडाभर तिच्याशी बोलले नव्हते!"

कोपऱ्यातून अम्मांचा आवाज आला, "ती आमची. सिंधी."

मला खरंच ठाऊक नव्हतं! साधना शिवदासानीचा जन्म १९४१ मधला, कराचीचा. फाळणीत तिचंही घर सुटलं. 'लव्ह इन सिमला' आला १९६० साली. कपाळ रुंद दिसतं म्हणून दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी तिचे केस ऑड्री हेपबर्नसारखे कापवले आणि घरोघरच्या मुलींना साधना कटचं वेड लागलं. पुढे १९६६ मध्ये तिनं लग्नही नय्यर यांच्याशीच केलं, बरं का! पण त्याआधी, १९५८ साली, ती 'अबाणा' या सिंधी चित्रपटात शीला रमाणीची धाकटी बहीण झाली होती. अबाणा म्हणजे वाडवडिलांचं. अम्मांनी तो लग्नाआधी पाहिला होता, त्यानंतर कधीच नाही.

लेकीनं नाव टाकून शोधलं, तर त्यातलं एक गाणं सापडलं. अम्मा आधी नुसत्या बघत राहिल्या. मग हळूच गुणगुणू लागल्या. भाभींनी पदर डोळ्यांना लावला. मोबाइल म्हणजे वेळ खाणारी अवदसा, असं मी उठता-बसता म्हणते. त्या दिवशी शब्द मागे घेतला.

गाणं संपलं तशा अम्मा उठून ओट्याशी आल्या, सुनेनं भिजवलेला मैदा दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "सैल आहे." मग काय, माझी शिकवणीच झाली!

अम्मांचं डाळ-पकवान : एक वाटी हरभऱ्याची डाळ दोन तास भिजवून हळद-मीठ घालून शिजवावी. दाणा मऊ हवा, पण मोडता कामा नये. वरून जिरं-हिरव्या मिरचीची फोडणी द्यावी. दोन वाट्या मैद्यात जिरं, मीठ आणि दोन चमचे गरम तेलाचं मोहन घालून पीठ घट्ट भिजवावं. पातळ पुऱ्या लाटून त्यांना काट्यानं टोचे मारावेत, म्हणजे त्या फुगत नाहीत. मंद आचेवर कडक तळाव्यात. आच मोठी ठेवली तर वरून लाल होतात नि आतून मऊ राहतात. खाताना डाळीवर चिंचेची चटणी आणि बारीक चिरलेला कच्चा कांदा घ्यावा.

हे सारं अम्मांनी कधी लिहून ठेवलेलं नव्हतं. भाभी म्हणाल्या, "मीही कधी विचारलं नाही, ताई. वाटायचं, आहेत ना त्या." लेकीनं मात्र अम्मांचे हात, त्यांचं बोलणं, सगळं मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

तुमच्याही घरात अशा कुणी आजी, आत्या असतील. पदार्थ एकदम विचारलात तर "त्यात काय सांगायचं!" म्हणून उडवून लावतील. आधी त्यांच्या तरुणपणातला सिनेमा शोधून दाखवा, गाणं ऐकवा. मग पाककृती आपसूक बाहेर येईल. पण हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका हं!

आणि हो, चिंच मागायची राहिलीच. ती आणायला उद्या पुन्हा जायचंय.