‘बरं’ म्हणजे किती वाजता?

दिवाळी जवळ आली की आमच्या पार्ल्याच्या घरात लक्ष्मीच्या आधी भाजणी येते. माझ्या वहिनी गेली कित्येक वर्षे फराळाच्या ऑर्डरी घेतात. त्या, हाताखालच्या दोन बाया, आणि नोकरीतून निवृत्त झाल्यावर बिनपगारी कारकून म्हणून नेमला गेलेला मी, असा हा चौघांचा कारखाना. चकलीशी माझा संबंध खाण्यापुरता, माझ्याकडे टेलिफोन.

तीस वर्षे कचेरीत टपाल हाताळलेला माणूस फोन सहज सांभाळील, असे वहिनींना वाटले. मलाही वाटले. तिथेच आम्ही दोघे चुकलो.

चार वर्षांपूर्वी मागच्या गल्लीतल्या माईंचा फोन आला. ‘‘भाऊ, मुलगा रविवारी परदेशी निघतोय. दोन किलो चकली नि एक किलो अनारसे, रविवारसाठी हवेत हं.’’ मी ‘‘बरं’’ म्हटले आणि हाताशी आलेल्या विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहिले : ‘माई, चकली २, अनारसे १, रविवार.’

रविवारी सकाळी अकराला मी स्वतः डबे घेऊन गेलो. मुलाचे विमान पहाटेच सुटले होते. माई रागावल्या नाहीत. त्यांनी पैसे मोजून दिले, मला पाणी दिले आणि एवढेच म्हणाल्या, ‘‘त्याला तुमच्या वहिनींची चकली फार आवडते.’’ पुढच्या दिवाळीला त्यांचा फोन आला नाही.

वाचकहो, त्या आठवड्यात आम्हांला वेळ कमी पडला होता, असे म्हणायचीही सोय नव्हती. अनारसे शनिवारी दुपारीच तयार होते! कमी पडला तो एक प्रश्न : ‘‘माई, किती वाजेपर्यंत?’’

पुढे एकदा फडताळ आवरताना दादांचा कचेरीचा जुना जेवणाचा डबा हाती आला. झाकणावर रंगाने काढलेल्या खुणा अजून होत्या. मुंबईतल्या डबेवाल्यांचा हा धंदा १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केला. डबा कुठून निघाला, कोणत्या स्टेशनावर उतरायचा, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, हे सगळे त्या चार खुणांत असते. वाटेत डबा किती तरी हातांतून जातो, पण ‘हा कुणाचा?’ असे कुणाला विचारावे लागत नाही. आणि डबा भरलेला नसेल, तर डबेवाला दारात ताटकळत राहत नाही. लोकल त्याच्यासाठी थांबत नाही ना! २००३ साली इंग्लंडचे तेव्हाचे युवराज चार्ल्स त्यांना भेटायला चर्चगेटला आले, तेव्हा भेटीची वेळसुद्धा डब्यांचा खोळंबा होणार नाही अशी ठेवावी लागली होती. २०२० च्या करोनानंतर हा धंदा बराच आटला. पण झाकणावरचा धडा काही शिळा झालेला नाही.

मी एक जाड वही आणली. तीत पाच रकाने आखले : कोणाला, काय, किती, कोणत्या तारखेला, किती वाजेपर्यंत. पाचही भरल्याशिवाय फोन खाली ठेवायचा नाही, आणि लिहिलेले गिऱ्हाइकाला वाचून दाखवायचे. तोच मजकूर डब्यावर चिकटवायचा. मोबाइलवर आलेला निरोपही वहीत उतरवायचा. माझ्या खिशातला निरोप कढईपर्यंत पोहोचत नाही. रोज सकाळी गॅस पेटण्याआधी त्या दिवसाचे पान सर्वांना मोठ्याने वाचून दाखवायचे. एकेकीने चार वेळा ‘आता काय करू?’ विचारण्यात जाणारा वेळ त्या दहा मिनिटांत वाचतो.

वहिनींना सर्वांत जड गेला तो शेवटचा नियम. वसुबारसेच्या आठ दिवस आधी ऑर्डरी बंद. ‘बघू’, ‘जमवू’ हे शब्द वर्ज्य. ‘‘भाऊजी, आलेल्या लक्ष्मीला नाही म्हणायचं?’’ त्या कळवळून म्हणाल्या. मी म्हटले, ‘‘आज नाही म्हटलं तर माणूस दुसरीकडे जाईल. आयत्या वेळी म्हटलं तर पुन्हा येणारच नाही.’’ त्या गप्प राहिल्या. आम्हां दोघांनाही माई आठवल्या असाव्यात.

गेल्या वर्षी नरकचतुर्दशीला वहिनी प्रथमच सर्वांबरोबर फराळाला बसल्या. एरवी त्या वेळी त्या कढईसमोर असत.

माईंची क्षमा मागायला मात्र मला दोन वर्षे लागली. तेही काम वेळेवर झाले नाहीच! मी गेलो, जे बोलायचे ते बोललो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘आता मी एकटीच. पाव किलो चकली द्याल?’’

वहीत लिहिले : ‘माई, चकली, पाव किलो, शुक्रवार, संध्याकाळी पाचपर्यंत.’

मी साडेचारलाच त्यांच्या दारात होतो.