कुलवृत्तांतातली 'कन्या ३'

आधी टंकलेखिका, मग छापखान्यात मुद्रितशोधक, मग अठ्ठावीस वर्षं मराठीची शिक्षिका. १९८१ च्या जनगणनेत दारोदार हिंडून बायकांची नावं विचारून लिहिली. पण माहेरच्या कुलवृत्तांतात मी फक्त 'कन्या ३' मध्ये! सासरच्या कुलवृत्तांतात लग्नात बदललेलं नाव आहे, माहेर नाही.

मला जुन्या लग्नपत्रिका जमवायचा नाद. (एस.टी.ची तिकिटंही होती, ती वाळवीनं खाल्ली.) घरचे हसतात. पण परवा ट्रंकेत १९५२ ची, हळदीचे डाग पडलेली पत्रिका निघाली... चि. सौ. कां. द्वारका. म्हणजे आमची काकू! जन्मभर तिच्या हातचं जेवलो आणि माहेरचं नाव कुणी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.

१ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव आलं. आपल्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे, तीत सुनांची माहेरची नावं, लेकींची नावं आणि त्यांनी केलेली कामं यायलाच हवीत. जागा पुरत नसेल तर मूळ पुरुषाची स्तुती दोन पानं कमी करा.

तेव्हा नातलगांनो, माळ्यावरच्या पत्रिका रद्दीत घालू नका, मला पाठवा. डाग पडलेल्या चालतील.