कागदावरचे मालक

आमच्या लोणी काळभोरात पारावर बसले म्हणजे पूर्वी बोलणे निघे ते उसाच्या भावाचे, कालव्याच्या पाण्याचे आणि थेऊरच्या कारखान्याचे. हल्ली त्याच पारावर शेअरचा भाव निघतो. कोणी रस्त्याकडेचा जमिनीचा तुकडा विकून पैसा आणलेला, कोणी रंधा मारून मजुरीतून साठविलेला, कोणी पोराच्या सांगण्यावरून पोस्टातला काढलेला. त्यात एक नाव वारंवार कानी पडते, ते पवनचक्क्यांच्या सुझलॉन कंपनीचे. ह्यात नवल नाही. तिची मुख्य कचेरी हडपसरला, म्हणजे आपल्या रोजच्या वाटेवर. साताऱ्याकडे वनकुसवड्याच्या पठारावर तिच्या चक्क्या फिरताना आपण डोळ्यांनी पाहिलेल्या. शेजारची कंपनी, डोळ्यांसमोरचा धंदा, मग भीती कसली, असे पुष्कळांनी मनाशी म्हटले. बैल घेताना आमचा शेतकरी दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. शेअर घेताना मात्र त्याने शेजार पाहिला आणि पैसे मोजले.

झाले काय ते आकड्यांत सांगतो. ही कंपनी १९९५ साली तुलसी तांती यांनी काढली. २००५ साली तिने लोकांस शेअर विकले, १० रुपयांचा शेअर ५१० रुपयांस. २००८ च्या जानेवारीत त्या १० रुपयांच्या शेअरचे २ रुपयांचे पाच शेअर झाले आणि त्या लहान शेअरचाही भाव ४०० च्या वर गेला. ज्याने त्या दिवसांत ४०० रुपयांच्या भावाने १०० शेअर घेतले त्याचे ४०,००० रुपये गेले. २०२० च्या मार्चमध्ये तोच शेअर २ रुपयांच्या आसपास आला. म्हणजे ४०,००० चे २०० रुपये उरले. एवढ्यात घरच्यांचा चहासुद्धा महिनाभर होत नाही.

असे का झाले? वारा थांबला म्हणून नव्हे. कर्ज काढून मोठे होण्याची घाई नडली. २००६ साली बेल्जियममधील हॅन्सन ही कंपनी घेतली, २००७ साली जर्मनीतील रीपॉवर ही पवनचक्क्यांची कंपनी हाती घेतली, आणि पुढच्याच वर्षी जगभर मंदी आली. अमेरिकेत बसविलेल्या चक्क्यांच्या पात्यांस तडे गेले, ते दुरुस्त करून देण्याचा खर्च अंगावर पडला. परदेशी रोखे विकून उचललेला पैसा परत करण्याची मुदत २०१२ च्या ऑक्टोबरात आली, तेव्हा २०.९ कोटी डॉलर देता आले नाहीत. २०१३ साली बँकांनी कर्जाची फेररचना केली. २०१५ साली ती जर्मन कंपनी विकावी लागली. २०१९ साली रोखे पुन्हा थकले. आमच्या गावातला कोणताही कर्जबाजारी शेतकरी ही हकीकत ओळखील. एका सावकाराचे देण्यासाठी दुसऱ्याचे काढावे, व्याजासाठी बैल विकावा आणि शेवटी औत दारात उभे राहावे, तशातलीच ही गोष्ट आहे. फरक इतकाच की शेतकरी बुडाला म्हणजे त्याचे घर बुडते. येथे एका कंपनीच्या कर्जाखाली लाखो घरांची पुंजी दबली.

आता ह्या पडझडीत आमचे लहान भागधारक काय करीत होते ते पाहा. एकाने नशिबास बोल लावला व कागद पेटीत ठेवून दिला. दुसऱ्याने कंपनीस, सरकारास व दलालास शिव्या दिल्या आणि मन हलके करून घेतले. तिसरा शहाणा. तो म्हणाला, भाव निम्मा झाला, आता आणखी घेऊन सरासरी खाली आणतो. आणि ४०० च्या मागे २०० चे, २०० च्या मागे १०० चे असे करीत जवळचे होते नव्हते तेही त्यात घालून बसला. चौथा भाविक. कंपनीविषयी कोणी वावगे बोलले की तो भांडावयास उठे. ह्या चौघांपैकी एकानेही कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून पाहिला नाही, एकानेही मत दिले नाही. आमचे दुखणे आहे ते एवढेच.

कोणी म्हणेल, अहो, पण कंपनी वाचली की! खरे आहे. २०२० साली बँकांनी पुन्हा तडजोड केली व कर्जापोटी शेअर आणि रोखे घेतले. २०२२ च्या ऑक्टोबरात, तांती वारले त्याच महिन्यात, कंपनीने जुन्या भागधारकांस ५ रुपयांनी नवे शेअर देऊन १,२०० कोटी उभे केले. पुढे कर्ज फिटले, आणि २०२४ च्या सप्टेंबरात भाव ८६ रुपयांपर्यंत चढला. तेव्हा पारावर जयजयकार झाला: ज्याने वाट पाहिली त्याचे भले झाले! जरा हिशेब करू. २००५ साली ५१० रुपये देऊन घेतलेला शेअर पुढे पाच शेअरांत वाटला गेला, म्हणजे आजच्या शेअरमागे १०२ रुपये पडले. १९ वर्षांनंतरचा तो चढलेला भाव ८६. लाभांशाची थोडकी रक्कम सोडली तर पहिला गिऱ्हाईक अजून तोट्यातच. तोच पैसा पोस्टात पडून राहिला असता तर तिपटीहून अधिक झाला असता. आणि ४०० ने घेणाऱ्याचे ४०,००० रुपये चढत्या दिवशीही ८,६०० च होते.

ह्याचे कारण भाकरीवरून समजेल. २०१९ साली कंपनीचे शेअर सुमारे ५३० कोटी होते. २०२४ साली ते १,३५० कोटींच्या वर गेले. भाकरी मोठी झाली असेल, पण खाणारी तोंडेही वाढली. बँकांस ताटात बसविले, नवे पैसेवाले बसविले, त्यावाचून कंपनी जगली नसती हेही आम्ही मान्य करतो. पण वाढणारा शेवटी ज्याच्याकडे येतो तो लहान भागधारक. कायदाही हेच सांगतो. कंपनी मोडीत निघाली तर तारण घेतलेल्या बँका आणि कामगारांची देणी आधी, मग इतर देणेकरी, आणि सर्वांच्या मागे भागधारक. हैदराबादच्या लँको इन्फ्राटेक ह्या वीज कंपनीवर २०१८ साली मोडीत काढण्याचा हुकूम झाला. वाट पाहणारे तेथेही होतेच. सुझलॉन वाचली म्हणून वाट पाहणे हा शहाणपणा ठरत नाही. एकाची विहीर लागली म्हणून दुसऱ्याने कर्ज काढून डोळे मिटून खणावे काय?

येथे थेऊरच्या यशवंत सहकारी साखर कारखान्याची आठवण होते. अण्णासाहेब मगरांनी उभा केलेला तो कारखाना २०११ साली बंद पडला. तेथे आमच्या शेतकऱ्यांचे शेअर, आणि तेथे कायदा कंपनीहून कितीतरी बरा: दहा शेअरवाल्यास एक मत, एका शेअरवाल्यासही एकच मत. तरी कारखाना बुडाला. चिमणी थंड पडून बारा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, २०२४ साली, सभासदांनी नवे संचालक मंडळ निवडले. म्हणून आम्ही असे म्हणत नाही की सहकार चांगला आणि कंपनी वाईट. मताचा अधिकार हातात असूनही जो वार्षिक सभेत अहवाल न वाचता 'मंजूर, मंजूर' म्हणून हात वर करतो व वडापाव खाऊन घरी येतो, त्यास कोणताच कायदा तारू शकत नाही. हे आमच्यावरच आहे, आणि आम्ही ते आमच्यावरच घेतो.

मग लहान माणसाने करावे काय? पहिले, पैसा घालण्यापूर्वी चार प्रश्न विचारावे. कंपनीचे कर्ज किती, आणि धंद्यातल्या नफ्यातून व्याज तरी भागते काय? धंद्यातून रोकड येते की नुसता नफा कागदावर दिसतो? चालकांनी आपले शेअर गहाण ठेवले आहेत काय? शेअरांची संख्या वर्षागणिक वाढते आहे काय? ही माहिती कंपनीस जाहीर करावी लागते व ती फुकट मिळते. इंग्रजी येत नसेल तर घरात कॉलेजात जाणारी लेक आहे, सून आहे. तिला वाचावयास सांगा. तिच्या शिक्षणास तुम्ही जो पैसा घातला त्याचे हेही एक व्याजच आहे.

दुसरे, मत द्यावे. आता त्यासाठी सभेस मुंबई-अहमदाबादेस जावे लागत नाही. मोबाइलवरून मतदान होते. तिसरे, एकत्र यावे. २०१३ च्या कंपनी कायद्याचे १५१ वे कलम लहान भागधारकांचा एक संचालक निवडता येईल असे सांगते. ज्याच्या शेअरांची दर्शनी किंमत २०,००० रुपयांपर्यंत आहे तो लहान भागधारक. २ रुपयांच्या शेअरच्या हिशेबाने १०,००० शेअरवालासुद्धा लहानच. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीस अशा १,००० जणांनी, किंवा त्यांची दशांश संख्या कमी असेल तर तितक्यांनी, नोटीस दिली म्हणजे वाट उघडते. कायद्याने येथे 'करावेच' म्हटलेले नाही, 'करता येईल' एवढेच म्हटले आहे. परंतु मागणारेच नसतील तर 'करावेच' म्हणून तरी काय उपयोग? २४५ व्या कलमाने शंभर भागधारकांनाही एकत्र येऊन कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे दाद मागता येते.

सुझलॉनच्या लहान भागधारकांची संख्या ५० लाखांच्या वर गेलेली आहे. पन्नास लाखांतून एक हजार माणसे! आमच्या गावच्या जत्रेत ह्याहून अधिक माणसे एका पंगतीस जेवून उठतात. शेअर हा मालकीचा कागद आहे असे दलाल आम्हांस सांगतो, आणि ते खोटे नाही. पण जो मालक वर्षातून एकदाही शेतावर जात नाही, त्याचा बांध कोणी कोरला ह्याची तक्रार त्याने कोणापाशी करावी? बंधूंनो, पुढच्या वेळी पारावर भाव विचारण्याआधी एकमेकांस हे विचारा: अहवाल वाचलास काय, आणि मत दिलेस काय?