काटक मधमाशी

कोइमतूर येथे गोड परंतु नाजूक उसाचा रानटी उसाशी संकर करून ‘को २०५’ हा काटक वाण तयार करण्यात आला आणि १९१८ साली तो शेतकऱ्यांच्या हाती पडला. मग हीच युक्ती मधमाशीला का लागू पडू नये, असे आपल्या मनात सहज येईल.

आपल्याकडील आग्या व फुलोरी या माश्या उघड्यावर एकेकच पोळे बांधतात. पेटीत त्या नांदत नाहीत. पेटीत नांदते ती सातेरी. तिच्याहून पुष्कळ अधिक मध देणारी युरोपीय माशी १९६० नंतरच्या दशकात उत्तर भारतात स्थिरावली. परंतु वरोआ नावाचा गोचिडीसारखा जीव हिच्या वसाहतीच्या वसाहती बुडवितो. सातेरी मात्र त्याला अंगावरून ओढून काढते आणि तग धरते. एकीचा मध व दुसरीचा चिवटपणा एकत्र आणता येईल काय? नाही. दोघींच्याही राण्यांची गुणसूत्रे ३२च असली, तरी कृत्रिम रेतनाने फळविलेले अंडेही अळी होण्यापूर्वीच मरते.

एकाच जातीच्या दोन वंशांचा संकर होतो. पण तोही जपूनच करावा लागतो. ब्राझीलमध्ये १९५६ साली आफ्रिकेतून राण्या आणविण्यात आल्या. पुढच्याच वर्षी काही थवे निसटले व तेथील युरोपीय माश्यांत मिसळले. संतती काटक निघाली. परंतु इतकी तापट, की तिच्या दंशाने माणसे व जनावरे दगावली.

मग काटकपणा शोधावा कोठे? चेन्नईहून दक्षिणेकडे निघून तमिळनाडूच्या टोकाशी गेले, की कन्याकुमारी जिल्ह्यात मार्तंडम लागते. या परिसरात अनेक कुटुंबांचा चरितार्थ सातेरीच्या पेट्यांवर चालतो. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड या विषाणूची साथ आली. अळ्या पाण्याने भरलेल्या पिशवीसारख्या होऊन मरू लागल्या आणि बहुतेक पेट्या ओस पडल्या. तेव्हा ज्या मोजक्या वसाहती जगल्या, त्यांचेच विभाजन करून मधुपालकांनी हळूहळू आपला धंदा पुन्हा उभा केला.

आपल्या परसात पेट्या असतील, तर एवढे ध्यानात ठेवावे : पुढची वसाहत वाढविताना केवळ मधाचे वजन पाहू नये. साथीत जी पेटी टिकली, तिच्याच राणीची प्रजा वाढवावी. काटकपणा बहुधा आपल्याच अंगणात असतो. तो हेरावा मात्र लागतो.